‘किती टक्के चान्स आहे?’: प्रवेशाचा अंदाज काढणाऱ्या शीटच्या नोंदी

दादरच्या एका मोफत मार्गदर्शन केंद्रात परदेशी, मुख्यतः अमेरिकी विद्यापीठांना अर्ज करणाऱ्या बारावीच्या मुलांसाठी ही शीट बनते आहे. साधं गूगल शीट आहे, विकत काही घेतलेलं नाही. दुसरीकडे कोणी हेच करायला घेतलं तर वेळ वाचावा म्हणून नोंदी.

८ जून २०२४

एका बाजूने विद्यार्थ्याची माहिती भरायची, दुसऱ्या बाजूला त्याच्या यादीतल्या प्रत्येक विद्यापीठासमोर शक्यता यायला हवी, हे काम. पहिला आराखडा कटऑफच्या धाटणीचा होता: एसएटीला (अमेरिकी प्रवेशासाठीची १६०० गुणांची परीक्षा) इतके गुण, बोर्डाला इतके टक्के, की समोर हिरवा रंग. तो मोडून टाकला.

मुंबईतल्या पालकांना कॅप राउंड (राज्यातल्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या) आणि जोसाची (आयआयटी-एनआयटींचं जागावाटप) सवय असते. पवईच्या आयआयटीत संगणक अभियांत्रिकीची खुल्या गटातली शेवटची जागा साठ-सत्तराव्या क्रमांकाच्या आसपास भरते. गेल्या वर्षीचा क्रमांक बघितला की यंदाचा अंदाज बांधता येतो, कारण तिथे रांग एकच असते. हार्वर्ड किंवा स्टॅनफर्डला अशी रांगच नाही. हार्वर्डमध्ये दाखल झालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचा एसएटी १५०० ते १५८० च्या दरम्यान असतो, पण १५०० च्या वरचे अर्जदार जागांच्या कित्येक पट असतात. कमी गुणांमुळे शक्यता घसरते हे खरं, पण जास्त गुणांमुळे जागा मिळत नाही. म्हणून शीटची सुरुवात विद्यार्थ्यापासून करायची नाही, विद्यापीठाच्या मूळ दरापासून, म्हणजे शंभर अर्जांमागे किती निवडी होतात तिथून करायची. विद्यार्थी त्यानंतर येतो.

१५ जून

आकडे कुठून घ्यायचे ते ठरलं: कॉमन डेटा सेट. बहुतेक अमेरिकी विद्यापीठं दरवर्षी ठरावीक प्रश्नांची उत्तरं एकाच नमुन्यात प्रसिद्ध करतात. विद्यापीठाच्या नावासोबत हे तीन शब्द शोधले की पीडीएफ मिळते. कोलंबियाने हा संच २०२२ मध्ये द्यायला सुरुवात केली, त्यामुळे तिथे जुन्या वर्षांची मालिका मिळत नाही. सगळी पानं वाचायची गरज नाही. ‘बी’ भागातून परदेशी विद्यार्थ्यांची संख्या घ्यायची. ‘सी’ भागातून अर्ज, निवड, प्रतीक्षा यादी, निकषांचं महत्त्व, एसएटीचे आकडे आणि लवकरच्या फेरीचे (नियमित मुदतीच्या आधी अर्ज आणि आधीच निकाल) आकडे. ‘एच’ भागातून परदेशी विद्यार्थ्यांना दिलेलं अर्थसाहाय्य. एका विद्यापीठाला पाऊण तास धरा. पहिल्या दोन-तीन पीडीएफना जास्त लागतो.

वर्षांचा घोळ हमखास होतो. २०२३-२४ चा संच २०२३ च्या शरद ऋतूत दाखल झालेल्यांचा असतो, आणि बातम्यांत त्याच तुकडीला २०२७ ची तुकडी म्हणतात, कारण त्या वर्षी ती पदवी घेणार. एकाच रकान्यात तिन्ही पद्धतींची वर्षं आली की तीन वर्षांचा ट्रेंड निरर्थक होतो. आता रकाना एकच आहे, ‘दाखल होण्याचं वर्ष’, आणि बाकी सगळं त्यात बदलून भरायचं.

एसएटीचे आकडे निवड झालेल्यांचे नसतात, प्रत्यक्ष दाखल झालेल्यांचे असतात, आणि त्यातही ज्यांनी गुण पाठवले त्यांचेच. कोविडनंतर गुण पाठवणं ऐच्छिक होतं त्या वर्षांत कमी गुणवाल्यांनी ते पाठवलेच नाहीत, म्हणून आकडे फुगले. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. हार्वर्ड, कॅलटेक, डार्टमथ आणि ब्राउन यांनी तसं २०२४ मध्ये जाहीर केलं. येलनेही तेव्हाच गुण मागायला सुरुवात केली, फक्त एसएटीऐवजी एपी किंवा आयबी या परीक्षांचे गुणही तिथे चालतात. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी ‘किती टक्के मुलांनी गुण पाठवले’ हा रकाना हवाच. तो नसेल तर एसएटीची तुलना करू नका.

प्रश्नांचे क्रमांक वर्षागणिक सरकतात. क्रमांकावर विसंबण्यापेक्षा शब्द शोधा.

२९ जून

मूळ दर. उदाहरणासाठी हार्वर्ड. २०२४ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीसाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांची निवड झाली: ३.५९ टक्के. त्यात लवकरच्या फेरीचे अर्ज ७,९२१ आणि निवड ६९२, म्हणजे ८.७४ टक्के. वजाबाकी केली की नियमित फेरीला ४६,०८७ अर्ज आणि १,२४५ निवडी उरतात: २.७० टक्के. हा २.७० सुद्धा थोडा जास्तच आहे. लवकरच्या फेरीत ज्यांचा निर्णय पुढे ढकलला जातो ती मुलं नियमित फेरीत पुन्हा तपासली जातात. त्यांच्यातून निवडलेले १,२४५ मध्ये येतात, पण त्यांचे अर्ज ४६,०८७ मध्ये नसतात. नव्याने अर्ज करणाऱ्याचा दर २.७० पेक्षा खाली धरायला हवा.

८.७४ आणि २.७० शेजारी ठेवले की ‘लवकर अर्ज करा, तिप्पट चान्स’ असं वाटतं. शीटमध्ये तसं भरलं तेव्हा लवकरच्या फेरीतली प्रत्येक शक्यता अवास्तव निघाली. कारण लवकरच्या फेरीत क्रीडाप्रशिक्षकांनी हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं दाटीने असतात. हार्वर्डवरच्या खटल्यात २०१८ साली जी आकडेवारी उघड झाली, तिच्यानुसार अशा खेळाडूंचा निवडदर ८६ टक्क्यांच्या आसपास होता आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा सुमारे ३३ टक्के. माटुंग्याच्या किंवा बोरिवलीच्या मुलाला यातलं काहीच लागू नसतं. म्हणून लवकरच्या फेरीचा फायदा बंधन नसलेल्या ठिकाणी १.२ पटीवर आणि बंधनकारक फेरी (निवड झाली तर तिथेच जायचं) असलेल्या ठिकाणी १.५ पटीवर रोखला आहे. या दोन पटी कुठे छापलेल्या नाहीत, त्या आमच्या अंदाजाच्या आहेत, आणि शीटमध्ये त्या पिवळ्या रंगात आहेत.

१३ जुलै

आजवरची सगळ्यात मोठी दुरुस्ती. मूळ दर देशी आणि परदेशी अर्जदारांचा एकत्र होता. समजा एका विद्यापीठाकडे ५०,००० अर्ज आणि २,००० निवडी, म्हणजे ४ टक्के. त्यात परदेशी अर्ज १०,००० आणि परदेशी निवडी २०० असतील, तर परदेशी दर २ टक्के आणि देशी दर साडेचार. मुंबईच्या मुलासाठी ४ पासून सुरुवात केली की पुढे कितीही काटेकोर हिशेब केला तरी उत्तर दुप्पटच राहणार.

कॉमन डेटा सेटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अर्ज आणि निवडी राज्यातले, राज्याबाहेरचे आणि परदेशी अशा वेगळ्या मागितल्या आहेत. तो तक्ता भरलेला असेल तर प्रश्नच नाही. एमआयटी हे आकडे स्वतःच वेगळे देते आणि तिथला परदेशी दर दोन टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असतो. तक्ता रिकामा असेल तर ‘बी’ भागातली परदेशी नवागतांची संख्या घ्यायची, निवड झालेल्यांपैकी किती जण दाखल होतात त्या प्रमाणाने भागायची आणि परदेशी निवडींचा अंदाज काढायचा. परदेशी अर्ज किती ते तरीही कळत नाही, म्हणून तिथे एक आकडा न लिहिता पल्ला लिहायचा.

भारतापुरता वेगळा दर काढायचा मोह टाळा. त्यासाठी लागणारा छेद, म्हणजे भारतातून आलेल्या अर्जांची संख्या, जवळजवळ कुठेच मिळत नाही.

नवा रकाना: पासपोर्ट. जन्माने अमेरिकी नागरिक असलेली मुलं मुंबईत थोडीथोडकी नाहीत. अशी मुलं अंधेरीत वाढलेली असली तरी नागरिक म्हणून मोजली जातात आणि अर्थसाहाय्याचे नियमही त्यांना वेगळे लागतात. माहिती घेताना हे पहिल्या पाच प्रश्नांतच विचारून घ्या.

२७ जुलै

गुणांचं रूपांतर काढून टाकलं. टक्क्यांना २५ ने भागून चारपैकी जीपीए (अमेरिकी पद्धतीची गुणांची सरासरी) काढायची पद्धत सर्रास चालते. तिने ८८ टक्क्यांचे ३.५२ होतात आणि राज्य मंडळात वर्गात वरच्या पाचात असलेला मुलगा अमेरिकी मोजपट्टीवर मध्यम दिसू लागतो. विद्यापीठं गुण त्या-त्या मंडळाच्या संदर्भात वाचतात. आता तीनच गोष्टी भरतो: मंडळ, टक्के, आणि त्याच कॉलेजात तो साधारण कितवा. राज्य मंडळाच्या एचएससीचे टक्के दुसऱ्या मंडळाच्या आयएससीच्या टक्क्यांशेजारी ठेवून तुलना करायची नाही.

अकरावीला स्वतंत्र रकाना दिला. सायन्सची बरीच मुलं क्लासच्या धबडग्यात अकरावी ‘काढून टाकतात’. जेईई-सीईटीला त्याने काही बिघडत नाही, पण अमेरिकी अर्जात नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण जातात. नववी-दहावीचं ट्रान्स्क्रिप्ट शाळेकडून आणायचं आणि अकरावी-बारावीचं ज्युनियर कॉलेजकडून, म्हणजे कार्यालयं दोन, सही-शिक्के दोन. ऑक्टोबरपर्यंत थांबू नका.

१० ऑगस्ट

विद्यार्थ्याचे गुणक, म्हणजे त्याची माहिती बघून मूळ दर किती वर किंवा खाली न्यायचा ते. आधी मूळ दरात टक्के मिळवून पाहिले: ऑलिम्पियाडचे अधिक ५, संशोधनाचे अधिक ३, कमी एसएटीचे उणे ४. २ टक्क्यांतून ४ वजा झाले आणि शक्यता शून्याखाली गेली. टक्क्यांची बेरीज-वजाबाकी इथे चालत नाही. ऑड्समध्ये, म्हणजे होकार भागिले नकार या गुणोत्तरात, गुणाकार करावा लागतो. २ टक्के म्हणजे २ भागिले ९८, म्हणजे ०.०२०४. त्याला ३ ने गुणलं की ०.०६१२. परत टक्क्यांत आणायला ०.०६१२ भागिले १.०६१२ करायचं: ५.८ टक्के. उत्तर शून्याखाली जात नाही आणि शंभरावरही जात नाही.

गुणाकारातही गडबड झालीच. चांगल्या मुलाला गुणांसाठी २, ऑलिम्पियाडसाठी २, संशोधनासाठी २, शिफारसपत्रांसाठी २, निबंधांसाठी २ दिले की एकूण ३२ पट होतात आणि २ टक्क्यांचे थेट ३९ होतात. या पाच गोष्टी एकमेकांपासून सुट्या नाहीत. ऑलिम्पियाडच्या शिबिरात पोचलेल्या मुलाचे गणिताचे मार्क चांगलेच असणार आणि शिक्षक त्याच्याबद्दल चांगलंच लिहिणार. तीच गोष्ट पाच वेळा मोजली जात होती. आता ‘अभ्यास’, ‘अभ्यासापलीकडचं काम’ आणि ‘लेखन-शिफारस’ असे तीनच गट आहेत. प्रत्येक गटातला एकच, सगळ्यात मोठा गुणक घ्यायचा. तिघांचा गुणाकार ४ वर थांबतो. खालच्या बाजूला मर्यादा नाही.

ऑलिम्पियाडच्या पायऱ्या नीट लिहून घ्या, कारण मुलं ‘ऑलिम्पियाड क्वालिफाइड’ एवढंच लिहितात. गणितात आयओक्यूएम, मग आरएमओ, मग आयएनएमओ, मग शिबिर आणि शेवटी सहा जणांचा संघ. विज्ञानात एनएसई, मग आयएनओ आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत होणारं शिबिर. पहिल्या पायरीला शीटमध्ये १ मिळतो, म्हणजे फायदा नाही. शिबिरापासून पुढे २.५. खासगी कंपन्यांच्या शालेय ‘ऑलिम्पियाड’ना काहीच नाही. पैसे भरून केलेलं संशोधन आणि अर्जाच्या वर्षी उभी राहिलेली संस्था यांनाही १. एका वस्तीतल्या मुलांना चार वर्षं सातत्याने शिकवणारी मुलगी मात्र वरच्या गुणकाला पात्र आहे. सातत्य आणि दिसणारा परिणाम, दोन्ही तपासा.

एक चाचणी इथे फार उपयोगी पडली. मूळ दर हा सगळ्या अर्जदारांचा असतो, म्हणून सगळ्यांच्या गुणकांची सरासरी १ च्या जवळ यायला हवी. थोड्या मुलांचा गुणक मोठा असतो, त्यामुळे मधल्या मुलाचा १ पेक्षा कमीच यायला हवा. शीटमध्ये मात्र जवळपास प्रत्येकाला १.५ ते ३ मिळत होते. समोर बसलेलं मूल आपल्याला ठाऊक असतं, त्याच्याशी स्पर्धा करणारी पन्नास हजार मुलं दिसत नाहीत. सगळे गुणक नव्याने लावले, आणि आता साधारण चांगल्या मुलाला ०.६ मिळतो.

२४ ऑगस्ट

अर्थसाहाय्य. हा रकाना रिकामा असेल तर अंदाज देऊ नका.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ आणि बोडन इथे परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून निवडीवर परिणाम होत नाही. २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या तुकडीपासून ब्राउनही या यादीत येतं. स्टॅनफर्ड, कॉर्नेल, पेन, कोलंबिया इथे होतो. दुसऱ्या गटासाठी ‘एच’ भागातली मदत मिळालेल्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ‘बी’ भागातल्या एकूण परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येने भागा. समजा १० टक्के आले. याचा अर्थ तिथल्या परदेशी मुलांपैकी ९० टक्के मदतीविना शिकताहेत आणि मदत मागणाऱ्यांची स्पर्धा उरलेल्या दहामागे एका जागेसाठी आहे. अशा ठिकाणी गुणक ०.३ पर्यंत खाली नेला आहे.

‘आत्ता मदत मागायची नाही, पोचल्यावर बघू’ हा सल्ला बऱ्याच घरांत ऐकू येतो. अशा अनेक विद्यापीठांत प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं ती मागता येत नाही. कुटुंबाला हे आधी सांगा आणि मग रकाना भरा.

खर्चाचा रकानाही इथेच जोडला. अर्जाचं शुल्क साधारण ७५ ते ९० डॉलर. सीएसएस प्रोफाइलचे (मदत मागताना भरायचा कुटुंबाच्या उत्पन्नाचा फॉर्म) पहिल्या विद्यापीठाला २५ आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर. बारा अर्ज म्हणजे लाखभर रुपये सहज होतात. शुल्कमाफी मागता येते, ती मागा.

२१ सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. आता ऑक्सफर्ड-केंब्रिज, कारण त्यांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. यूकासमध्ये (ब्रिटिश विद्यापीठांची एकत्रित अर्जव्यवस्था) पाचच पर्याय भरता येतात आणि या दोघांपैकी एकालाच एका वर्षी अर्ज करता येतो. अमेरिकेसाठीचे गुणक इथे चालत नाहीत, अभ्यासापलीकडच्या कामाला जवळजवळ वजन नाही. ऑक्सफर्ड अभ्यासक्रमनिहाय दोन टक्केवाऱ्या देतं: किती जणांना मुलाखतीला बोलावलं आणि किती जण निवडले गेले. म्हणून दोन टप्पे केले, आधी मुलाखतीपर्यंत पोचायची शक्यता, मग मुलाखतीनंतर निवडीची. पहिल्या टप्प्यात प्रवेश परीक्षा निर्णायक असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसना एसएटी पाठवला तरी ते बघत नाहीत. तिथे हा रकाना बंद.

५ ऑक्टोबर

पूर्ण यादीतून किमान एक प्रवेश मिळायची शक्यता. सोपं सूत्र असं: प्रत्येक ठिकाणच्या नकाराच्या शक्यतांचा गुणाकार करायचा आणि तो १ मधून वजा करायचा. ४ टक्क्यांची दहा विद्यापीठं घेतली तर ०.९६ चा दहावा घात ०.६६५, म्हणजे किमान एक प्रवेश मिळायची शक्यता साडेतेहतीस टक्के. इथूनच ‘वीस अर्ज करू, कुठेतरी लागेल’ हे येतं. कॉमन अ‍ॅपवर (अनेक अमेरिकी विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायचं संकेतस्थळ) वीसपर्यंतच अर्ज करता येतात, नाहीतर लोक तीस भरतील.

हे सूत्र दहा निर्णय एकमेकांपासून सुटे धरतं. प्रत्यक्षात सगळीकडे निबंध तोच, शिफारसपत्रं तीच, गुण तेच. एकीकडे जे कमी पडलं ते दुसरीकडेही कमी पडतं. हिशेब असा बदलला: ४ टक्के म्हणजे अशा दिसणाऱ्या शंभर मुलांपैकी ८० जणांची खरी शक्यता प्रत्येक ठिकाणी १ टक्का आणि २० जणांची १६ टक्के. सरासरी ४ च राहते, पण दहा अर्जांमधून किमान एक प्रवेश मिळायची शक्यता साडेतेहतीसवरून २४ टक्क्यांवर येते. ८०-२० ही फोड आमची आहे, वेगळी धरून पाहिली तर आकडा हलतो, पण दरवेळी खालीच येतो. अर्जांची संख्या वाढवून हा तोटा भरून निघत नाही. यादीत २०-३० टक्के शक्यतेची चार-पाच विद्यापीठं आली की मात्र भरून निघतो.

१९ ऑक्टोबर

पालकांना दाखवायचं पान. एकच आकडा दिला की तो पाठ होतो आणि त्याच्या मागेपुढे काही ऐकलं जात नाही. रंग दिले की हिरव्याला ‘पक्कं’ समजतात. आता वाक्य दिसतं: ‘अशा शंभर अर्जदारांपैकी दोन ते पाच जणांची निवड होते.’ आकडे तेच असूनही या वाक्यावर शांतपणे बोलता येतं.

एका आईंचा प्रश्न: “सर, क्लासवाल्यांनी सत्तर टक्के सांगितलेत, तुमचे पाचच कसे?” त्यावर द्यायचं उत्तर: “ताई, त्यांना एवढंच विचारा, गेल्या वर्षी तुमच्या किती मुलांनी तिथे अर्ज केले आणि त्यातली किती घेतली. दोन्ही आकडे मिळाले की आपण ते शीटमध्ये घालू.” हे केंद्रातल्या सगळ्या स्वयंसेवकांना लिहून दिलं आहे.

१६ नोव्हेंबर

जुन्या निकालांवर तपासणी. गोळा झालेल्या नोंदींपैकी बऱ्याच बाजूला ठेवाव्या लागल्या. जिथे प्रवेश मिळाला तेवढीच नावं कुटुंबं आठवून सांगतात, नकार गळतात, आणि अशा नोंदींवर शीट तपासली तर ती निराशावादी वाटू लागते. नियम केला: सगळे अर्ज, प्रत्येकाची फेरी, मदत मागितली की नाही आणि प्रत्येक निकाल असेल तरच नोंद घ्यायची. एक ओळ म्हणजे एक अर्ज, एक विद्यार्थी नव्हे. नावं काढून टाकायची, परवानगी लेखी घ्यायची.

मोजमापासाठी हवामानाच्या अंदाजांकरता ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेला गुण वापरला: अंदाज आणि निकाल यांच्या फरकाचा वर्ग, त्याची सरासरी. ४ टक्क्यांच्या प्रांतात तो फारसा हलत नाही, सगळ्यांना डोळे झाकून ४ टक्के दिले तरी चांगलाच दिसतो. गट करून पाहणं जास्त उपयोगी ठरलं: ० ते ५, ५ ते १५, १५ ते ३५ आणि त्यावर. प्रत्येक गटात अपेक्षित निवडी आणि झालेल्या निवडी शेजारी ठेवायच्या. ५ टक्क्यांच्या ६० अर्जांत ३ निवडी अपेक्षित आहेत, पण १ ते ६ यांतलं काहीही आलं तरी शीट चूक किंवा बरोबर ठरत नाही. खालच्या गटावरून गुणक बदलू नका. १५ ते ३५ च्या गटातून लवकर शिकायला मिळतं, आणि तिथे शीट जास्त सांगत होती, विशेषतः संगणकशास्त्राच्या अर्जांना. ज्या विद्यापीठांत विषयानुसार वेगळी निवड होते तिथे पूर्ण विद्यापीठाचा दर वापरला गेला होता. विषयाचा दर मिळत असेल तर तोच घ्यायचा, नसेल तर संगणकशास्त्राला ०.५ चा गुणक.

२९ मार्च २०२५

निकाल भरायला घेतले. ‘प्रतीक्षा यादी’ला होकार किंवा नकार यांपैकी कशातही घालू नका. त्याला तिसरी खूण द्या. ‘सी’ भागात प्रतीक्षा यादीवर किती जण थांबले आणि त्यातून किती घेतले हे असतं. एकाच विद्यापीठात हा आकडा एका वर्षी शून्य तर दुसऱ्या वर्षी शंभराच्या पुढे जातो, म्हणून त्याची सरासरी काढलेली नाही, फक्त गेल्या पाच वर्षांचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा दाखवला आहे. मदत हवी असलेल्या मुलांसाठी हा रकाना शून्य धरायचा, आणि १ मेच्या आत हातातल्या एका ठिकाणी अनामत भरायची आठवण त्याच ओळीत लाल अक्षरांत येते.

२०२४-२५ चे संच येतील तसे मूळ दर बदलायचे. गुणक मात्र निकालांच्या सगळ्या ओळी भरून होईपर्यंत हलवायचे नाहीत.